करार संपला तरी मालक तोच!

हरणारा बेसबॉल संघ नव्याने उभा करायचा तर सीझन संपल्यावर दोन मोठे रस्ते असतात. करार संपून मोकळे झालेले खेळाडू पैसे मोजून घ्या, नाहीतर आपला नावाजलेला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तरुण पोरं आणा.

पण 1975 पर्यंत अमेरिकेत पहिला रस्ता जवळपास बंदच होता. का? करारातल्या एका कलमामुळे! करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. मालक पाठवेल तिथे जायचं, नाहीतर घरी बसायचं.

ऑक्टोबर 1969 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. 12 सीझन खेळलेला माणूस, त्याला विचारलंसुद्धा नाही. वर्षाला 90 हजार डॉलर मिळत होते, तरी तो म्हणाला, जाणार नाही. पगार मोठा म्हणून माणूस काही विकायची वस्तू होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

तो कोर्टात गेला. 1972 ला सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 3 असा हरला. तोवर करिअरही संपलं होतं. डिसेंबर 1975 मध्ये मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोघांच्या बाजूने लवादाचा निकाल लागला, तेव्हा कुठे ती बेडी तुटली.

आज 10 वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची 5 एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. फ्लड या नियमात आरामात बसला असता. पुढच्या वेळी कोट्यवधींच्या करारांच्या बातम्या वाचाल, तेव्हा हे नाव आठवा.