पाणी कुणाचं? जमिनीचं की माणसाचं?



परवा गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले आणि विषय निघाला टँकरचा. गेल्या उन्हाळ्यात टँकर आला की आम्ही सगळ्याजणी हंडे, कळशा, बॅरल घेऊन धावायचो. ज्या घरात हात जास्त, त्या घरात पाणी जास्त. आळीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. तिच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी यायचं. आम्ही ते बघत होतो आणि आपापली बॅरल भरत होतो. बैठकीत एकजण म्हणाली, "आपण काही चोरी केली नाही." खरंच, चोरी नव्हती. पण ते बरोबरही नव्हतं. मग बरोबर वाटणी म्हणजे कोणती?

हा प्रश्न आपल्याच भागातल्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी उघडपणे मांडला होता. ती गोष्ट आज सांगायची आहे.

येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. १९७२ च्या दुष्काळानंतरही या काठची गावं कोरडीच राहिली. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते आणि विहिरींचं पाणी खाली जात होतं. १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप झाला. खानापूर तालुक्यातले कितीतरी कामगार गावी परतले. ते आणि रोजगार हमीवर खडी फोडणारे बायका-पुरुष विचारू लागले, की वर्षानुवर्षं खडी फोडून दुष्काळ कसा हटणार? यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट त्यात होते.

बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं, की नदीतली थोडी वाळू आपणच विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं. परवानगीसाठी सरकारशी झगडावं लागलं. लोकांनी श्रमदान केलं. असं बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पण खरा नवा विचार धरणाच्या भिंतीत नव्हता, तो वाटणीत होता. पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखं द्यायचं, भूमिहीनालासुद्धा, असं ठरलं.

आपल्यातली एखादी लगेच विचारेल, "ज्याला रानच नाही, तो पाणी घेऊन काय करणार?" प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पीक गेलं तर तोच बुडतो. त्याला वाटतं, रान माझं तर पाणीही माझंच. पण दुसरी बाजू बघा. पाऊस कुणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही. नदी कुणी विकत घेतलेली नाही. आणि भूमिहीनाकडे पाण्याचा हक्क असेल, तर तो रान वाट्याने करायला घेऊ शकतो. एकाकडे रान, दुसऱ्याकडे पाणी. मग बोलणी बरोबरीने होतात, मिनतवारी करावी लागत नाही.

असाच विचार पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत केला होता. तिथे पाणी माणशी मोजायचे. माणसाला अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा होता. उसाला पाणी द्यायचं नाही, हा नियम होता. रान विकलं तरी पाण्याचा हक्क रानाबरोबर जात नसे.

आता हे आपल्याशी कसं जोडलं आहे ते सांगतो. पाणी रानाच्या मागे जातं आणि रान बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला आणि देशभर २००५ मध्ये. तरी किती बहिणींनी तो घेतला? हक्कसोड पत्रावर अंगठा कुणी दिला, हे आपल्यालाच ठाऊक. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे तर सासरचंही नाही आणि माहेरचंही नाही. १९८० च्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी परित्यक्तांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की बाई कुणाची बायको म्हणून नाही, तर माणूस म्हणून मोजा.

आज टेंभूचं पाणी कराड तालुक्यातून उपसून खानापूर-आटपाडीपर्यंत येतं. ताकारी आणि म्हैसाळ योजनाही आहेत. माळावर द्राक्षं आणि डाळिंबं दिसतात, त्याचा आनंदच आहे. पण त्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बाईला त्या पाण्यात वाटा आहे का? एवढं पाणी येऊनही हा प्रश्न जागच्या जागी आहे.

आमच्या गटाने एक छोटा निर्णय घेतला. येत्या उन्हाळ्यात टँकर आला तर हंडे माणशी मोजायचे आणि पहिला हंडा टोकाच्या घराचा. दोघीजणी नाराज झाल्या. त्यांच्या घरी दोन-दोन जनावरं आहेत, ती तहानलेली ठेवायची का, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नाही. जनावरांचा हिशोब कसा धरायचा, हे पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.

तुमच्या गावात वाटणी कशी होते? जनावरं मोजता का? तुमच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा.