पाटीवरचे नाव

गतवर्षी दिवाळी-संमेलनाच्या दिवशी आपल्या मंडळातील दोन तरुण वकील आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आले. दोघांनी मिळून येथे कोलकात्यात एक लहानशी वकिली पेढी काढावयाचे ठरविले होते. तिला नाव कोणते द्यावे? आपल्या आडनावांतील 'व'चा येथे 'ब' होतो आणि 'अ'चा 'ओ'. तेव्हा 'न्याय' किंवा 'सत्य' या शब्दावर बेतलेले एखादे सुटसुटीत नाव घ्यावे, असा त्यांचा मानस होता. आम्हीही प्रथम मान डोलावली. परंतु या विषयाचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा आमचे मत पालटले. तीच हकिगत येथे निवेदन करीत आहोत.

इंग्रजी धाटणीच्या न्यायालयांबरोबर सॉलिसिटरांच्या पेढ्या आपल्या देशात आल्या. मुंबईतील क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० सालची, लिटल अँड कंपनी १८५६ सालची, तर वाडिया घांदी १८८३ सालची. यांपैकी एकाही नावात न्याय, सत्य अथवा विजय यांचा उच्चार नाही. आहेत ती केवळ माणसांची नावे. पुढे कायदेपंडित सर दिनशा फरदुनजी मुल्ला यांच्या घराण्याची पेढी दुसऱ्या एका पेढीशी एकत्र झाली, तेव्हा 'मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो' असे वंशावळीसारखे लांबलचक नाव तयार झाले. पण कोणाचे नाव गाळले गेले नाही.

आपल्या या महानगरातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८९६ साली जॉन केर फॉक्स आणि गोकुलचंद्र मंडल यांनी 'फॉक्स अँड मंडल' ही पेढी स्थापिली. (हे 'मंडल' म्हणजे आपले 'मंडळ' नव्हे, बंगाली आडनाव होय!) राज्य इंग्रजांचे असता एका बंगाली गृहस्थाचे आडनाव साहेबाच्या आडनावाशेजारी, त्याच पाटीवर झळकले. ते आडनाव साहेबाच्या सोयीसाठी बदलले गेले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

या प्रथेमागे कारणही आहे. वकिलीची सनद व्यक्तीला मिळते, कंपनीला नव्हे. 'अँड कंपनी' असे लिहिले तरी तेथे कंपनीचा अर्थ सहकारी इतकाच. १९३२ च्या भागीदारी कायद्याने राजेशाही अथवा सरकारी आश्रय सुचविणाऱ्या शब्दांना पेढीच्या नावात मज्जाव केला. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर बार कौन्सिलने केलेल्या नियमांपैकी छत्तिसावा नियम सांगतो, की वकिलाने जाहिरात करू नये, पाटी बेताच्या आकाराची असावी आणि अमुक प्रकारच्या कामात आपण विशेष निष्णात आहोत असे तिच्यावर दर्शवू नये. म्हणजे वकिलाच्या पाटीवर मोठेपणा मिरविण्यास जागाच नाही. उरते ते नाव, आणि त्या नावाची पत.

भागीदारी कायद्यातील आणखी एक तरतूद आम्हांस विशेष भावली. भागीदार निवर्तल्यानंतर पेढी जुन्याच नावाने चालू राहिली, तर केवळ तेवढ्या कारणाने नंतरच्या व्यवहारांची जबाबदारी त्याच्या मिळकतीवर येत नाही. दिवंगताचे नाव पाटीवर राहू शकते, परंतु भार वाहावा लागतो हयात असणाऱ्यांनाच. आपल्याकडे यालाच 'नावाला जागणे' म्हणतात.

हे सारे आम्ही त्या तरुणांना सांगितले. म्हटले, "बाबांनो, अशील तुमच्याकडे घराचे खत, बापाचे मृत्युपत्र, मुलीच्या संसाराचे दुखणे घेऊन येणार. उद्या काही चुकले, तर त्याने कोणाला हाक मारावयाची? 'न्याय' या शब्दाला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो."

यंदाच्या पाडव्यास त्यांची पाटी लागली. वर दोघांची आडनावे बंगाली, इंग्रजी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत आहेत. पहिल्या अशिलाने त्यांचा उच्चार अर्थातच चुकविला. तिसऱ्या भेटीत मात्र त्याने स्वतःच विचारून तो नीट करून घेतला.

परप्रांती आलेल्या आपल्या कुटुंबांनी पन्नास वर्षे या मंडळात जे जपले, तेही याहून निराळे नाही. नाव सोपे करून देण्यापेक्षा ते विश्वासाचे करून दाखविणे, हेच खरे.