इन्सुलिन-तपासणी, घोड्यांतील

घोड्याच्या रक्तातील इन्सुलिन मोजून त्याचे शरीर साखर कशी हाताळते हे ठरवण्याची प्रयोगशाळेतील तपासणी. घोड्याला मधुमेह क्वचितच होतो. धोका असतो तो खुरांना. इन्सुलिन दीर्घकाळ चढलेले राहिले की खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सैल पडतात. मग घोडा पुढचे पाय पुढे टाकून, टाचांवर भार देत उभा राहतो. हा विकार म्हणजे लॅमिनायटिस. निरोगी तट्टांना नुसते इन्सुलिन व ग्लुकोज शिरेतून देत राहिले तरी ७२ तासांत तो होतो, हे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले.

हरभरा, कोंडा आणि वर गुळाचा खडा हा आपल्याकडचा जुना खुराक. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात तर गूळ हाताशीच. रोज घाम गाळणाऱ्या घोड्याला तो पचतो; वरातीचा हंगाम संपल्यावर खुंट्याला उभ्या, मानेवर चरबीचा टणक वळ चढलेल्या घोड्याला नाही. तपासणी मुख्यतः अशा घोड्यांची करावी. पिट्यूटरी ग्रंथीचा विकार जडलेली म्हातारी जनावरेही त्यात आली.

साध्या तपासणीसाठी घोडा उपाशी ठेवू नये. गवत-कडबा चालतो, पण आधीचे किमान चार तास दाणा बंद. वेदना, प्रवास आणि झायलाझिनसारखे गुंगीचे औषध यांनी आकडा बिघडतो; लंगडणाऱ्या घोड्याचे रक्त दुखणे उतरल्यावरच घ्यावे. प्रतिमिलिलिटर २० सूक्ष्म-एककांखाली आकडा आला म्हणून घोडा निर्दोष ठरत नाही, २० ते ५० संशयास्पद, ५० च्या वर बिघाड, असा ढोबळ संकेत आहे. संशय उरला तर मक्याचा पाक तोंडाने पाजून ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. बिघाड पकडण्यात ही पद्धत जास्त भरवशाची.

खरी गोम मोजण्याच्या किटमध्ये आहे. घोड्याचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा दोन अमिनो आम्लांनी वेगळे असते, त्यामुळे माणसांसाठी बनवलेली काही किटे ते नीट पकडत नाहीत. एकाच नमुन्याचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात. वरचे संकेतही त्यामुळे सरसकट लावता येत नाहीत; घोड्याच्या रक्तावर पडताळलेली पद्धत असेल तरच आकड्याला अर्थ.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीसारख्या ठिकाणाहून नमुना बाहेर पाठवायचा तर रक्त गोठल्यावर लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे काढावे आणि बर्फाच्या डब्यातून धाडावे. तांबड्या पेशी फुटून सीरम लालसर झाले तर त्यांतील विकर इन्सुलिन तोडते आणि आजारी घोडाही कागदावर ठणठणीत दिसतो. ग्लुकोजसाठी फ्लोराइडची नळी वेगळी. महामार्गाने पुण्याकडे जाताना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे. नमुना कुठेही पाठवा, घोड्याचे इन्सुलिन तिथे मोजतात का आणि कोणत्या किटने, हे रक्त काढण्याआधी फोनवर विचारून घ्या. फेरतपासणीही त्याच प्रयोगशाळेत करा.