दत्ताराम ठेका

हिंदी चित्रपटसंगीतातील ढोलकचा गाजलेला ठेका. गोव्यात जन्मलेले दत्ताराम वाडकर (१९२९–२००७) संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची तालबाजू सांभाळत. ‘परवरिश’ला (१९५८) त्यांनी स्वतंत्र संगीतही दिले. केरवा ताल तर सर्वांचाच, मग ठेक्याला एकाचे नाव का, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. त्याचे उत्तर ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन सोल बँडचे ड्रमर ग्रेगरी कोलमन यांच्याकडे सापडते. ‘अमेन, ब्रदर’मधील (१९६९) त्यांचा एकट्याचा तुकडा जेमतेम चार आवर्तनांचा: तिसऱ्यात स्नेअरचा एक आघात मुद्दाम उशिरा पडतो, चौथ्याची सम रिकामी जाते. तो कोणालाही वाजवता आला असता. तरी हिपहॉप आणि ‘जंगल’ या शैलींच्या संगीतवाल्यांनी मूळ ध्वनिमुद्रणच कापून वापरले, कारण हवा होता तो कोलमन यांचा हात. त्यांच्या पदरी मात्र छदामही पडला नाही. दत्ताराम यांचे नाव निदान वादकांच्या तोंडी राहिले. शंकर-जयकिशन यांच्या श्रेयनामावलीत ते सहायकच. वाद्याला वाजवणाऱ्याचे नाव चिकटल्याचे उदाहरण इतरत्रही आहे: वऱ्हाडात खंजिरी म्हटली की मोझरीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आठवतात. पण तिथे गाणारा आणि वाजवणारा एकच होता, त्यामुळे श्रेयाचा प्रश्नच नव्हता.