चिपीच्या विमानाचे वैमानिक कुणाचे?

9 ऑक्टोबर 2021 रोजी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर 72-600 तिथे उतरले. त्या दिवसाची कात्रणे काढली, तर व्यासपीठावर रंगलेली उद्धव ठाकरे-नारायण राणे जुगलबंदी पानभर सापडते. कॉकपिटमधल्या दोघांच्या पगाराचा आणि संघटनेचा प्रश्न मात्र वेगळ्या कागदांतून सोडवावा लागतो.

त्यातला पहिला कागद आदल्याच दिवसाचा आहे. 8 ऑक्टोबरला केंद्राच्या निर्गुंतवणूक खात्याने, म्हणजे ‘दीपम’ने, एअर इंडियासाठी टाटांच्या टॅलेस कंपनीची 18,000 कोटींची बोली स्वीकारल्याचे जाहीर केले. विक्रीत एअर इंडिया एक्स्प्रेस होती, अलायन्स एअर नव्हती. म्हणजे चिपीला उतरलेले विमान ज्या कंपनीचे, तिची मातृसंस्था आदल्या दिवशी विकली गेली होती आणि ती स्वतः सरकारकडेच राहणार होती. इथवर तारखा पक्क्या आहेत.

संघटनेचा माग 2007 पर्यंत मागे जातो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या: एअर इंडियाची ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ आणि इंडियन एअरलाइन्सची ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’. देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना एअर इंडियाच्या वैमानिकांच्या समान वेतन हवे होते. एप्रिल 2011 च्या अखेरीस असोसिएशनने संप पुकारला; व्यवस्थापनाने तिची मान्यता काढून घेतली; 6 मे रोजी संप मिटला. मग न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न या दोन जुन्या कंपन्यांच्या सेवाशर्ती जुळवण्याचा होता. अलायन्स एअर ही स्वतंत्र उपकंपनी, तिच्यातल्या वैमानिकांची नेमणूक मुख्यतः ठरावीक मुदतीच्या करारावर. म्हणून समान वेतनाच्या त्या लढ्याचा लाभ एटीआरच्या वैमानिकापर्यंत आपोआप पोहोचला नसावा, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आता चिपीच्या फेरीचे सुरुवातीचे वेळापत्रक पाहा. मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच कागद. मुंबईहून 11.35, चिपीला 1.00; परत 1.25, मुंबई 2.50. जाऊन-येऊन दोन तास पन्नास मिनिटे. मुंबई-दिल्लीच्या फेरीला साधारण सव्वाचार तास लागतात. दोन्हीकडे उड्डाणे दोन, उतरणीही दोनच. वैमानिकाच्या कमाईचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. तेव्हा तासाचा दर अगदी सारखा धरला, तरी कोकणची फेरी मारणारा मागेच पडतो. वर प्रादेशिक हवाई सेवेच्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासाला तेव्हा सुमारे 2,500 रुपयांची भाडेमर्यादा होती. चिपीचे सुरुवातीचे तिकीट 2,520 रुपयांचे होते. कंपनीचा हात आखडता राहण्याचे एक कारण इथे दिसते.

मग तक्रार न्यायची कुठे? 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने किंग एअरवेजच्या प्रकरणात वैमानिक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ ठरतो, असा निर्वाळा दिला. पगार मोठा म्हणून तो त्या कायद्याबाहेर जात नव्हता. करारावरच्या वैमानिकासाठी मला हा दुवा कोणत्याही जुन्या मान्यतापत्राहून मोलाचा वाटतो.

साखळीतला एक कागद अजून हवा आहे: 2021 च्या सुमाराचा एटीआर वैमानिकाचा करार. परुळे, वेंगुर्ले, मालवण किंवा मुंबईत कुणाच्या घरी तो असेल, तर नाव झाकून भत्त्यांचे तेवढे पान दाखवावे.