चिरा, चुना आणि जीर्णोद्धार

गोमंतकातील देवस्थानांच्या सूचनाफलकांवर एक शब्द अलीकडे वारंवार वाचावयास मिळतो, तो म्हणजे 'जीर्णोद्धार'. शब्द जुना आहे आणि पवित्रही आहे. जे जीर्ण झाले त्याला सावरून पुन्हा उभे करणे, हा त्याचा सरळ अर्थ. व्यवहारात मात्र पुष्कळदा त्याचा अर्थ असा होऊन बसला आहे, की जुने देऊळ पायापर्यंत उतरवावे आणि त्या जागी सिमेंट-काँक्रीटचे नवे बांधावे. आम्ही व्यवसायाने वकील. शब्दाचा अर्थ पालटला म्हणजे मिळकतीचे भवितव्य कसे पालटते, हे आम्हांस नित्य पाहावे लागते. म्हणूनच आपली देवळे मुळात कशाची बांधली गेली आणि ती आजवर कशाच्या बळावर उभी राहिली, याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या सभेत, बाहेरील भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्या जागी सिमेंटचा गिलावा करावा, असा ठराव आला. दरवर्षीचा रंगसफेदीचा खर्च वाचेल, हे त्याचे कारण. सभामंडपाच्या पायरीशी बसलेला एक वृद्ध गवंडी तेवढा म्हणाला, "चिऱ्याक वारें जाय. ताची वाट बंद करूं नाकात." त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आम्हीही दिले नाही, आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. चौथ्या पावसाळ्यात गिलावा फुगला. भिंतीवर थाप मारली तर पोकळ आवाज येऊ लागला. पुढे तो मोठमोठ्या पापुद्र्यांनी गळून पडला, आणि पडताना चिऱ्याचाही थर सोबत घेऊन गेला. त्या गवंड्याच्या एका वाक्यात जे शास्त्र होते, ते समजून घ्यावयास आम्हांस पुढे बरीच वर्षे लागली.

चिरा, म्हणजेच कोकणातला जांभा दगड, ही उष्ण आणि अतिवृष्टीच्या प्रदेशाची निर्मिती. युगानुयुगे पडणाऱ्या पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांतून हा तांबडा, सच्छिद्र दगड सिद्ध झाला. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. ते 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले आहे, आणि ते यथार्थही आहे. कारण खाणीतून काढताना चिरा इतका मऊ असतो, की लोखंडी हत्याराने तो विटेसारखा चौकोनी तासून घेता येतो, आणि मग हवा लागली म्हणजे तो कठीण होत जातो. परंतु त्याची छिद्रे बुजत नाहीत. तो पाणी पितो आणि सुकण्यास वाव मिळाला तर पाणी सोडतोही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात उघडा राहिलेला चिरा वर्षागणिक झिजतो, आणि चोहोंकडून कोंडलेला चिरा आतल्या आत कुजतो. त्याला हवे असते असे आच्छादन, की जे पावसाची झोड अंगावर घेईल, परंतु आतील ओल बाहेर जाऊ देईल.

ते आच्छादन म्हणजे चुना. आपल्या नद्यांच्या मुखाशी आणि खाजणांच्या काठी शिंपल्यांची कधी वाण नव्हती. हे शिंपले भट्टीत भाजावयाचे, ती कळी पाण्यात विरवावयाची, रेती घालून घाणीत मळावयाची आणि मग भिंतीवर चढवावयाची. भट्टीत शिंपल्यातून जो कर्बवायू निघून जातो, तो भिंतीवरचा चुना हवेतून हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. या दगडाला सूक्ष्म छिद्रे असतात, म्हणून भिंतीतील ओल त्यातून निघून जाते. मात्र पावसाने तो स्वतः झिजतो, आणि त्यासाठीच पावसाळा सरला, की जत्रेपूर्वी देवळाला सफेदी देण्याचा परिपाठ पडला. चुन्याने झिजावे आणि चिरा वाचावा, अशी ही व्यवस्था आहे. ज्याला आम्ही सभेत 'दरवर्षीचा खर्च' म्हणून नावे ठेविली, तो वस्तुतः त्या इमारतीच्या रचनेचाच एक भाग होता.

आपल्या पूर्वजांनी चिरा निवडला तो सौंदर्यासाठी नव्हे. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेवाचे मंदिर काळ्या कठीण पाषाणाचे आहे. तो दगड घाटापलीकडून आणला असावा असे मानले जाते. एवढी वाहतूक राजाश्रयालाच परवडणारी. सोळाव्या शतकात आपल्या देवांवर जो प्रसंग आला, तेव्हा पाठीशी असा राजकोश नव्हता. १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. घरदार सोडून आलेल्या भक्तांनी देवीसाठी कवळ्यास प्रथम जे देवालय उभारले ते माती-चिऱ्याचे, लहानसे होते, असे परंपरा सांगते. पायाखालची माती, शेजारच्या खाणीतला चिरा, नदीतले शिंपले आणि रानातले लाकूड हेच त्यांचे भांडवल होते. पुढे शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने, १७३८ च्या सुमारास आजचे भव्य मंदिर पूर्ण झाले. राजाश्रय लाभल्यावरही साहित्य मुख्यतः तेच राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

किंबहुना गोमंतकीय देवळाचे रूपच या साहित्याने घडविले. तांबडी सुर्लच्या पाषाणावर छिन्नीने नाजूक कमळे कोरता आली. सच्छिद्र चिऱ्यावर तसे कोरीव काम टिकत नाही. म्हणून भिंती साध्या व जाड झाल्या, आणि नक्षी चुन्याच्या गिलाव्यात, सभामंडपाच्या लाकडी खांबांवर व गर्भकुडीच्या चांदीच्या दारावर गेली. पावसाने उतरती छपरे आणि लांब पागोळ्या मागितल्या. त्यांवर प्रथम कुंभाराचे नळे आले, आणि बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढल्यावर यथाकाल मंगळुरी कौलेही आली. पांढऱ्या भिंती, तांबडी छपरे आणि अंगणातला शुभ्र दीपस्तंभ पाहून आपण 'हे आपले देऊळ' असे ओळखतो, ती ओळख चिऱ्याने आणि चुन्याने दिलेली आहे.

या साहित्याचे पथ्य मोडले तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर जुने गोवे गाठावे. तेथील भव्य चर्चेही याच चिऱ्याची आणि चुन्याची आहेत. दगडाला धर्मभेद ठाऊक नसतो. सेंट ऑगस्टिनचे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये मठवासीयांना तेथून जावे लागले आणि वास्तू बेवारस झाली. सातच वर्षांनी, १८४२ मध्ये, तिचे छत कोसळले, आणि १९३१ मध्ये बुरुजाचा अर्धा भाग व दर्शनी भिंत पडली. दोन शतके मनुष्याच्या नित्य देखभालीवर उभी असलेली वास्तू ती देखभाल थांबताच सात वर्षांत उघडी पडली.

दुसरे उदाहरण बॉम जेझूच्या बासिलिकेचे. १५९४ मध्ये आरंभ होऊन १६०५ मध्ये सिद्ध झालेल्या या वास्तूच्या दर्शनी भागात वसईकडून आणलेला काळा दगड आहे. बाकीची भिंत चिऱ्याची, आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलातच, बाल्ताझार कास्त्रु या वास्तुविशारदाच्या योजनेनुसार तो गिलावा काढून टाकण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, हा हेतू. आज हजारो यात्रेकरू तिचा तांबडा उघडा चिरा पाहून धन्य होतात. परंतु दर पावसाळ्यात तो चिरा झिजतो आहे, आणि तो पुन्हा झाकावा की नाही याचा वाद अद्याप चालू आहे. तेथे चुना काढून चिरा उघडा टाकला, आम्ही चुना काढून चिरा कोंडला. दोन्ही अपराध एकाच अज्ञानाचे.

सिमेंटचा आम्ही सर्वथा निषेध करीत नाही. पूल, धरणे, रुग्णालये त्याच्यावाचून झाली नसती, आणि आम्ही स्वतः ज्या घरात हे लिहीत आहोत तेही काँक्रीटचेच आहे. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी, की काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळी असते. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत ती गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. हा बिघाड बऱ्याच वेळा डोळ्यांस दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. याउलट चिऱ्याच्या भिंतीतला एक चिरा खराब झाला तर तेवढाच काढून दुसरा बसविता येतो, आणि भिंत उतरविली तरी तिचे चिरे पुन्हा उपयोगी पडतात. दुसरी अशी, की जगात माणसाच्या उद्योगातून हवेत जाणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून जातो. चुन्याची भट्टीही निर्दोष नाही, आणि चिऱ्यांच्या बेसुमार खाणींनी डोंगर पोखरले जातात हेही खरे. म्हणूनच सर्वांत कमी हानी करणारे देऊळ म्हणजे जे आधीच उभे आहे ते, आणि त्याला जपणे हेच सर्वांत स्वस्त बांधकाम.

मग ते जपले का जात नाही? याचे उत्तर आमच्या मते बांधकामशास्त्रात नसून हिशेबाच्या वहीत आहे. आपले कुळावी आज बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, मुंबई असे दूरवर पांगले आहेत. वर्षातून एकदा ते कुलदेवतेच्या दर्शनास येतात आणि श्रद्धेने उदार हस्ते देणगी देतात. परंतु देणगी नव्या सभामंडपास मिळते, संगमरवरी फरशीस मिळते, महाद्वारास मिळते, कारण तेथे नावाची पाटी लागते. चुन्याच्या सफेदीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. महाजनांपुढे नव्या बांधकामासाठी निधी असतो, जुन्याच्या निगेसाठी नसतो, आणि मग पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने देऊळही जाते.

भारतीय न्यायालयांनी देवतेस कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही ते तत्त्व मल्लिक घराण्याच्या खटल्यात स्पष्टपणे मांडले. आणि ही व्यक्ती अशी, की जिला स्वतःचे हित स्वतः सांगता येत नाही. तिच्या वतीने बोलणाऱ्याने अज्ञान मुलाच्या पालकाइतकीच दक्षता बाळगली पाहिजे. अज्ञानाची मिळकत दुरुस्त करण्याजोगी असता ती मोडून टाकणाऱ्या पालकास न्यायालय जाब विचारते. देवळाची भिंत उतरविण्याचा ठराव पुढे आला असता प्रत्येक महाजनाने हा प्रश्न स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

आणि दूरच्या कुळाव्यांस एक सूचना. पुढील देणगी देताना तिची कायम ठेव करावी आणि देणगीपत्रात स्पष्ट लिहावे, की हिचे व्याज केवळ चुना, कौले आणि लाकूड यांच्या वार्षिक दुरुस्तीकडे लागावे. मसुदा करून देण्यास कोणताही वकील आनंदाने तयार होईल. आम्ही तर निश्चित होऊ. त्या जुन्या सभेतील आमच्या हात वर करण्याचे थोडे तरी प्रायश्चित्त त्यात घडेल. तो वृद्ध गवंडी आता हयात नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्याच्या नातवाने त्याच भिंतीवरचे सिमेंट काढून चुन्याचा पहिला हात दिला. भिंत सुकण्यास मात्र अजून दोन-तीन उन्हाळे जावे लागतील, असे तो म्हणतो.