मुंबईचा दुष्काळी ताप

१८७६-७८च्या दुष्काळात पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसांना तापाने गाठले, तेव्हा त्याला हिवताप म्हणून मोकळे होणे सोपे होते. हुडहुडी भरते, अंग फणफणते, पाणथरी वाढते, घाम फुटून ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. हिवतापाचा जंतू लाव्हरान यांना सापडला १८८० साली. तोवर हिवताप आणि हा दुष्काळी ताप रक्तावरून वेगळे काढायचे तर दुष्काळी तापाचीच ओळख पटण्याजोगी होती. ती १८७७ मध्ये मुंबईत पटवली डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी (‘ग्रेज ॲनाटमी’ची चित्रे काढणारे ते हेच). रोग्याच्या रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे, मळसूत्रासारखे जंतू त्यांना दिसले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी १८७३ मध्ये जाहीर केलेले तेच.

तरी सगळे श्रेय सूक्ष्मदर्शकाला देणे मला पटत नाही. ताप उतरला की हे जंतू रक्तात सहसा दिसत नाहीत. भलत्या दिवशी घेतलेला थेंब साफ फसवतो. पाच-सात दिवस ताप, एकदम उतार, आठवडाभर आराम, मग दुसरी पाळी, हे टिपणारा तक्ता हवाच. कोणी म्हणेल, उपाशी माणसाला अन्न हवे होते, जंतूचे नाव नव्हे. अन्न हवेच होते. पण या तापावर क्विनाइनचा उपयोग नाही आणि नुसत्या अन्नाने साथ थांबत नाही. ती अंगावरच्या उवांमुळे पसरते, हे मॅकी यांनी १९०७ मध्ये दाखवले, तेही नाशिकच्या साथीवरून.